लंडनचे पत्र : नोकरी सांभाळून सार्वजनिक आरोग्य

लंडनच्या ब्लूम्सबरी भागात मॅलेट स्ट्रीटवर दोन जुन्या संस्था एकमेकींपासून हाकेच्या अंतरावर आहेत. बर्कबेक १८२३ साली कारागिरांच्या शिक्षणासाठी निघाली; दिवसभर राबणाऱ्यांसाठी संध्याकाळचे वर्ग ही तिची ओळख. कोपऱ्यावरची लंडन स्कूल ऑफ हायजीन अँड ट्रॉपिकल मेडिसिन १८९९ ची. तिथली सार्वजनिक आरोग्याची एमएस्सी पूर्णवेळ एका वर्षात करता येते आणि अर्धवेळ दोन वर्षांत. आपल्याकडे ‘अर्धवेळ’ म्हटले की पदवी हलकी, असे मनात येतेच. इथला हिशेब मात्र सरळ आहे. ब्रिटनमधील अशा पदव्युत्तर पदवीला १८० क्रेडिट लागतात आणि एका क्रेडिटमागे दहा तासांचा अभ्यास धरतात. म्हणजे १,८०० तास, दोघांनाही तेवढेच. माझे म्हणणे याच्या पुढचे आहे. इतर विषयांत अर्धवेळ शिकणे ही सवलत असेल. या विषयाची ती स्वाभाविक रीत आहे.

कारण हे शास्त्र घडलेच कामाच्या धबडग्यात. १८५४ मध्ये सोहोतल्या ब्रॉड स्ट्रीटच्या पंपापर्यंत कॉलऱ्याचा माग काढणारा जॉन स्नो पोटापाण्यासाठी रोग्यांना भूल देत असे. आदल्याच वर्षी त्याने व्हिक्टोरिया राणीला प्रसूतीत क्लोरोफॉर्म दिला होता. त्याच साथीचा घरोघर तपास करून पुरावा पक्का करणारे हेन्री व्हाइटहेड तर त्या वस्तीतले धर्मोपदेशक. रीतसर शिक्षण नंतर आले. सार्वजनिक आरोग्याची पहिली पदविका १८७१ मध्ये डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजने दिली, आणि १८८८ च्या कायद्याने पन्नास हजारांवर वस्ती असलेल्या भागांत नव्या आरोग्य अधिकाऱ्याला अशी पात्रता १८९२ पासून आवश्यक ठरवली. आधी गटारे, विहिरी आणि मृत्यूची नोंदवही, मग वर्ग. हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो.

आजही इंग्लंडमध्ये हा विषय दवाखान्यापेक्षा नगरपालिकेच्या कचेरीत अधिक राहतो. १९७४ च्या फेररचनेत तो स्थानिक संस्थांकडून आरोग्यसेवेकडे गेला होता. २०१३ मध्ये परत कौन्सिलांकडे आला. दारूविक्रीच्या परवान्यावर आरोग्याच्या बाजूने मत देणे हेही आता तिथल्या आरोग्य संचालकाचे काम आहे. या क्षेत्रात तज्ज्ञ व्हायला डॉक्टरच असावे लागते असेही उरलेले नाही. परिचारिका, अन्न आणि घरांची तपासणी करणारा अधिकारी, शाळांबरोबर काम करणारी कर्मचारी, यांनी साथरोगशास्त्र आणि सांख्यिकी शिकायची ती कशासाठी? टेबलावर पडलेल्या आकड्यांना प्रश्न विचारता यावेत म्हणून. एखाद्या वॉर्डात लसीकरण का घसरले हे ज्याला सोमवारी सांगायचे आहे, त्याला पूर्वग्रह आणि योगायोग यांतला फरक गुरुवारच्या व्याख्यानात वेगळ्याच तीव्रतेने कळतो. पूर्णवेळ विद्यार्थ्याला तेच उदाहरण पुस्तकातून घ्यावे लागते.

यावर एक आक्षेप इतिहासातूनच निघतो. लिव्हरपूलने १८४७ मध्ये विल्यम डंकन यांना देशातले पहिले आरोग्य अधिकारी नेमले ते अर्धवेळ; ते पुरेना, म्हणून पुढे पद पूर्णवेळ करावे लागले. मग अर्ध्या वेळाची तरफदारी कशी? पण तिथे काम अर्धे होते. इथे काम पूर्ण आणि अभ्यासही पूर्ण. फक्त तो अधिक महिन्यांत पसरलेला. दुसरा आक्षेप जास्त खरा आहे: थकवा. पूर्ण नोकरी असेल तर आठवड्याचे सतरा-अठरा तास रात्रीतून आणि सुट्टीतून काढायचे, त्यात घरात लहान मूल किंवा आजारी माणूस असेल तर तो भार बहुतेकदा बाईवर पडतो. केवळ जिद्दीवर हे निभत नाही. वरिष्ठांनी आठवड्यातला एक दिवस मोकळा दिला नाही, तर ही पद्धत माणसाला पिळते. इंग्लंडमध्ये २०१६ पासून पदव्युत्तर शिक्षणासाठी सरकारी कर्ज मिळते आणि अर्धवेळ विद्यार्थीही त्याला पात्र आहेत. पण कर्जातून वेळ विकत घेता येत नाही. आपल्याच कचेरीचे प्रश्न घेऊन आलेल्याची नजर तोकडी राहील, अशीही शंका घेतात. वर्गात तऱ्हेतऱ्हेच्या नोकऱ्यांतले लोक शेजारी बसतात, एवढे तिचे उत्तर पुरे.

महाराष्ट्रात तालुका आरोग्य अधिकारी, महापालिकांचे वैद्यकीय अधिकारी, परिचारिका यांच्या हातात आकड्यांचे रजिस्टर रोज असते. त्यांना नोकरी न सोडता हे शिक्षण, अभ्यासाच्या राखीव दिवसासह, मिळायला हवे. आपल्या विद्यापीठांनी आणि आरोग्य खात्याने ते मिळून उभे करावे. इथे येऊन तेच करू पाहणाऱ्या वाचकांनी मात्र एक नियम आधी पाहून घ्यावा. ब्रिटनच्या विद्यार्थी व्हिसावर काही संस्थांत पदव्युत्तर अभ्यासक्रम अर्धवेळ करता येतो, पण अर्धवेळ शिकणाऱ्याला त्या व्हिसावर नोकरीची परवानगी नाही.