चष्म्याचा नंबर लेझरने काढताना

लेझरने नंबर काढायचा म्हटलं की मनात पहिली भीती येते ती शस्त्रक्रियेच्या टेबलाची. टेबलावरचं काम मात्र साधारण अर्ध्या तासात संपतं. डोळ्याचं भलं-बुरं बरंचसं ठरतं ते त्याआधीच्या तपासण्यांत आणि त्यानंतर घेतलेल्या काळजीत. म्हणून त्या दोन टप्प्यांकडे आपण जास्त लक्ष देऊ.

लेझर नेमकं काय करतो? डोळ्याच्या काळ्या भागावर पारदर्शक आवरण असतं. त्याचं नाव पारपटल, पण दवाखान्यात आपल्या कानावर पडेल तो शब्द कॉर्निया. मध्यभागी त्याची जाडी जेमतेम अर्धा मिलिमीटर, म्हणजे सुमारे 540 मायक्रॉन असते. मायक्रॉन हा मिलिमीटरचा हजारावा भाग. एक्सायमर लेझरचे अतिनील किरण कॉर्नियाचा अतिशय पातळ थर काढतात आणि शेजारच्या भागाला भाजत नाहीत. किरणांचा हा गुण 1981 मध्ये आयबीएमच्या प्रयोगशाळेत मद्रासला जन्मलेले रंगस्वामी श्रीनिवासन आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या लक्षात आला. उणे नंबर असेल तर कॉर्नियाचा मधला भाग थोडा सपाट केला जातो आणि प्रतिमा मागच्या पडद्यावर नीट पडते.

आधी पात्रता. वय किमान 18 हवं आणि नंबर निदान वर्षभर जवळपास स्थिर हवा. वाढता नंबर काढला तर तो पुन्हा वाढतो. लग्न ठरलं, नोकरीची परीक्षा आली म्हणून घाई केली की इथेच चूक होते. पोलीस किंवा सैन्यभरतीसाठी करून घेणार असाल, तर अशी शस्त्रक्रिया चालते का, किती दिवस आधी झालेली हवी, हे त्या भरतीच्या नियमांत आधी वाचा. गरोदरपणात आणि बाळ अंगावर पीत असताना थांबावं. मधुमेह, संधिवात, मुरमांसाठी चालू असलेली आयसोट्रेटिनॉइनची गोळी, यातलं काहीही डॉक्टरांपासून लपवू नका.

कॉन्टॅक्ट लेन्स बंद करा. लेन्समुळे कॉर्नियाचा आकार तात्पुरता बदलतो आणि मापं चुकतात. मऊ लेन्स साधारण एक-दोन आठवडे आणि कडक लेन्स त्याहून जास्त दिवस बंद ठेवावी लागते. ‘कालच एका समारंभाला घातली होती’ असं असेल तर तसं सांगा आणि तपासणीची तारीख पुढे घ्या.

तपासण्या. कॉर्नियाच्या चढउतारांचा नकाशा काढतात, त्याला टोपोग्राफी म्हणतात. जाडी मोजतात, ती पॅकिमेट्री. डोळ्यांचा कोरडेपणा पाहतात. शेवटी थेंब घालून बाहुली मोठी करतात आणि मागचा पडदा तपासतात. त्यानंतर काही तास धूसर दिसतं, म्हणून त्या दिवशी दुचाकी नेऊ नका.

जाडीचा हिशेब आपणही समजून घ्यावा. एका नंबरामागे ढोबळमानाने 12 ते 15 मायक्रॉन जातात. 540 मायक्रॉनचा कॉर्निया आणि उणे 5 नंबर असेल, तर लेझर देण्याआधी उलटायच्या वरच्या पापुद्र्याचे सुमारे 110 आणि लेझरचे 75 वजा होऊन खाली 355 उरतात. निदान 250 उरायलाच हवेत, बरेच डॉक्टर त्याहून जास्त राखतात. पातळ कॉर्निया आणि मोठा नंबर असला की हे गणित बसत नाही.

नकाशात केराटोकोनसची शंका आली तर लेझर टाळतात. या आजारात कॉर्निया पातळ होत शंकूसारखा पुढे येतो आणि लेझरने तो आणखी कमकुवत होऊ शकतो. डोळे सतत चोळायची सवय असेल किंवा घरात कोणाला हा आजार असेल, तर आवर्जून सांगा. ‘आपल्याला लेझर नको’ हा सल्ला मिळाला, तर ‘हो’ म्हणणारा दुसरा दवाखाना शोधत फिरू नका. डोळ्यात बसवायच्या भिंगाबद्दल विचारा.

पद्धत कोणती? लॅसिकमध्ये कॉर्नियाचा वरचा पापुद्रा पुस्तकाच्या पानासारखा उलटून खाली लेझर देतात. नजर लवकर, बहुधा दुसऱ्या दिवशीच साफ होते. पीआरकेमध्ये पापुद्रा नसतो. वरची नाजूक त्वचा काढून लेझर देतात, त्यामुळे तीन-चार दिवस दुखतं आणि नजर स्थिरावायला काही आठवडे लागतात. पण पातळ कॉर्निया असेल किंवा खेळात डोळ्याला मार लागण्याचा संभव असेल, तर पीआरके सोयीची. स्माईलमध्ये आतली छोटी चकती बारीक छेदातून बाहेर काढतात.

शस्त्रक्रियेचा दिवस. काजळ, अत्तर, सेंट काही लावू नका. सोबत कोणीतरी न्या. इंजेक्शन नसतं, थेंबांनीच डोळा बधिर होतो आणि पापण्या चिमट्याने उघड्या ठेवतात. लॅसिकमध्ये पापुद्रा करताना डोळ्यावर दाब येतो आणि क्षणभर अंधारतं, त्याने घाबरू नका. मग समोरच्या दिव्याकडे पाहत राहायचं. जळका वास येईल, पण डोळा भाजत नसतो. डोळा थोडा हलला तर यंत्र किरण त्याच्यामागे नेतं आणि जास्त हलला तर थांबतं.

पहिली रात्र, पहिला महिना. लॅसिकनंतर काही तास चुरचुर होते, पाणी येतं. घरी जाऊन झोपणं उत्तम. सर्वांत मोठी चूक म्हणजे डोळा चोळणं, त्याने पापुद्रा सरकू शकतो. म्हणून रात्री डोळ्यांवर झाकण लावतात. डोक्यावरून अंघोळ, पोहणं, काजळ, होळीचा रंग हे डॉक्टर हो म्हणेपर्यंत बंद. बाहेर पडताना गॉगल लावा. स्टेरॉइडचे थेंब सांगितले तितकेच दिवस घाला. ते मनाने चालू ठेवले तर डोळ्यातला दाब वाढू शकतो. दुखणं वाढलं, लाली वाढली किंवा नजर अचानक धूसर झाली, तर पुढच्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी दाखवा.

कोरडेपणा आणि रात्री दिव्यांभोवती वलयं दिसणं बहुतेकांना काही महिने जाणवतं, मग कमी होतं. काहींना ते टिकतं, आणि क्वचित थोडा नंबर उरतो. होकार देण्याआधीच हे धरून चाला.

काय बदलत नाही? चाळिशीनंतर वाचनाचा चष्मा लागतोच. मोठा उणे नंबर असलेला डोळा आतून लांबच राहतो, त्यामुळे मागच्या पडद्याची तपासणी दरवर्षी करून घ्या. डोळ्यासमोर अचानक काळे ठिपके किंवा चमका दिसल्या, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

आणि फाइल टाकून देऊ नका. पुढे मोतीबिंदू झाला, तर भिंगाचा नंबर काढताना आपल्या कॉर्नियाची जुनी मापं लागतात. काचबिंदूच्या तपासणीतही लेझर झाल्याचं सांगावं लागतं, कारण पातळ झालेल्या कॉर्नियावर डोळ्यातला दाब खऱ्यापेक्षा कमी भरतो.