वास्को-द-गामाची रोजनिशी तपासताना : गैरसमज आणि वस्तुस्थिती

आठवीच्या इतिहासात युरोपीय दर्यावर्दी आले की मुलांना दोन कामं हमखास देता येतात: वास्को-द-गामाच्या जहाजावरचा खलाशी होऊन रोजनिशी लिहा आणि त्या सफरीचं संकल्पनाचित्र, म्हणजे चौकटी बाणांनी जोडून दाखवणारं चित्र, काढा. दोन्ही कामं चांगली आहेत. अडतं ते तपासताना. कापूसपट्ट्यातल्या मारेगाव तालुक्यात मराठीबरोबर वऱ्हाडी, गोंडी, कोलामी बोलणाऱ्या घरांतली मुलं शाळेत येतात. तिथे गुण कशाला द्यायचे, हे आधी ठरवायलाच हवं.

गैरसमज : रोजनिशी काल्पनिक, म्हणून काहीही चालतं.
वस्तुस्थिती : कल्पना खलाशाच्या मनाची असावी, तारखा, बंदरं आणि वारा मात्र खरेच हवेत. गामा ८ जुलै १४९७ रोजी लिस्बनहून निघाला आणि २० मे १४९८ रोजी कालिकतजवळ पोहोचला. या सफरीची जी रोजनिशी आज उपलब्ध आहे, ती खुद्द गामाची नसून ताफ्यातल्या एका सोबत्याची आहे. परतीच्या वाटेवर खलाशांच्या हिरड्या सुजून दातांवर चढल्याचं तिच्यात नोंदवलं आहे. त्यामुळे ‘हिरड्या सुजल्या, घास चावत नाही’ असं लिहिणाऱ्या मुलीला पूर्ण गुण द्यावेत. पण तिच्या खलाशाने ‘क जीवनसत्त्व कमी पडलं’ असं लिहिलं, तर ती चूक धरावी; हे जीवनसत्त्व विसाव्या शतकात सापडलं. संकल्पनाचित्रात मात्र तेच कारण बरोबर ठरतं, कारण तिथे आजची विद्यार्थिनी बोलत असते.

गैरसमज : ‘गामाने भारताचा शोध लावला’ हे उत्तर बरोबर आहे.
वस्तुस्थिती : त्याने युरोपातून आफ्रिकेला वळसा घालून भारतात येणारा सागरी मार्ग पूर्ण केला. हिंदी महासागरातला व्यापार त्याच्या किमान दीड हजार वर्षं आधीपासून चालू होता. आफ्रिकेच्या किनाऱ्यावरच्या मालिंदीहून पुढे त्याला वाट दाखवली ती तिथून घेतलेल्या जाणकार वाटाड्याने. हा वाटाडा चित्रात नसेल, तर चित्र अपुरं आहे.

गैरसमज : चौकटी सुबक आणि भरपूर, म्हणजे संकल्पनाचित्र उत्तम.
वस्तुस्थिती : ही पद्धत अमेरिकेच्या कॉर्नेल विद्यापीठात जोसेफ नोवाक यांनी १९७० च्या दशकात विकसित केली. नोवाक आणि गोविन यांच्या गुणदान पद्धतीत प्रत्येक बरोबर जोडणीला १ गुण आहे, तर चित्राच्या दोन वेगळ्या भागांना जोडणाऱ्या अर्थपूर्ण रेषेला १०. अशा रेषेचं उदाहरण याच सफरीत आहे. मालिंदी ते भारत हे अंतर गामाने एप्रिल-मे १४९८ मध्ये साडेतीन आठवड्यांत कापलं. परतताना, अनुकूल वारा स्थिरावण्याआधीच, तो ऑक्टोबरात गोव्याच्या दक्षिणेकडच्या अंजदीव बेटावरून निघाला. कधी वारा पडलेला, कधी उलटा. आफ्रिकेचा किनारा दिसायला जवळपास तीन महिने लागले आणि सुमारे ३० माणसं दगावली. ‘वारा’ या चौकटीतून ‘आजार’ या चौकटीकडे बाण काढून त्यावर ‘प्रवास लांबला, ताजं अन्न नाही’ असं लिहिणाऱ्या मुलाला इतिहास समजला आहे. मृगाच्या पावसाकडे डोळे लावून बसणाऱ्या कापूसपट्ट्यातल्या मुलाला वाऱ्याचं हे महत्त्व सांगावं लागत नाही. ते चित्रात आणायला मात्र शिकवावं लागतं.

गैरसमज : प्रमाण मराठी नसेल तर गुण कापावेत.
वस्तुस्थिती : ‘वारा पडला अन् जहाज जाग्यावरच थांबलं, खायाले ताजं कायी नाई’ या ओळीत कारणही आहे आणि परिणामही. शुद्धलेखन भाषेच्या तासाला जरूर तपासा. इतिहासात आशय तपासायचा असतो. लिहायला अडखळणाऱ्या मुलाला तोंडी सांगू द्या. आकारिक मूल्यमापनात तोंडी कामाला जागा आहेच.

गैरसमज : गुण दिले की तपासणी संपली.
वस्तुस्थिती : ‘छान’ या शेऱ्याने मूल पुढे सरकत नाही. ‘परतीला उशीर का झाला, ते जोड’ या शेऱ्याने सरकतं.

शिक्षकांनी निकष काम देतानाच फळ्यावर लिहावेत: माहिती खरी, काळाचं भान, कारण-परिणामाची जोड. पालकांनीही वहीतली चित्रं सजवून देऊ नयेत. मुलाला एवढंच विचारावं, ‘हा बाण इथे का काढलास?’ त्याचं उत्तर देता आलं, तर काम जमलं.