वैद्यकीय प्रवेशापूर्वीची दुसरी वाट

नीट परीक्षेचा निकाल लागला की असंख्य घरांत एकच प्रश्न उभा राहतो: हवे तेवढे गुण मिळाले नाहीत, आता पुढे काय? 2024 मध्ये या परीक्षेला 23 लाखांहून अधिक विद्यार्थी बसले; देशातील एम.बी.बी.एस.च्या जागा मात्र सव्वा लाखाहूनही कमी होत्या. अशा वेळी आणखी एक वर्ष शिकवणीत घालवावे, की आरोग्यक्षेत्रातीलच अन्य अभ्यासक्रम निवडावा, हा पेच केवळ विद्यार्थ्याचा नसतो. तो साऱ्या कुटुंबाचा असतो.

‘तूर्त नर्सिंगला प्रवेश घे, डॉक्टरकीचे पुढे पाहू,’ असा सल्ला सर्रास दिला जातो. त्यामागील एक गैरसमज दूर व्हायला हवा. नर्सिंग किंवा फिजिओथेरपीची पदवी घेतल्याने एम.बी.बी.एस.च्या वरच्या वर्षात प्रवेश मिळत नाही. नीटला वयाची कमाल मर्यादा आज नाही, त्यामुळे पदवीनंतरही ती देता येते. परंतु सुरुवात पहिल्या वर्षापासूनच करावी लागते. चार वर्षांचे बी.एस्सी. नर्सिंग, त्यानंतर साडेचार वर्षांचे एम.बी.बी.एस. आणि एक वर्षाची आंतरवासिता असा हा जवळजवळ दहा वर्षांचा प्रवास होय. म्हणूनच दुसरी वाट निवडायची, ती तिच्या स्वतःच्या गुणांवर.

त्या वाटेचा आवाका बंगळूरुत चांगला दिसतो. तेथील निम्हान्स या संस्थेत अपस्माराच्या रुग्णाच्या मेंदूतील विद्युतलहरींचे आलेखन प्रशिक्षित तंत्रज्ञ करतात. रेडिओग्राफर एम.आर.आय. प्रतिमा घेतात. शस्त्रक्रियेच्या वेळी भूल देणाऱ्या डॉक्टरांच्या जोडीला भूल-तंत्रज्ञ असतात. पुढची जबाबदारी परिचारिका, फिजिओथेरपिस्ट आणि चिकित्सा-मानसशास्त्रज्ञ यांच्याकडे येते. निदान व शस्त्रक्रिया डॉक्टरांची खरी. पण रुग्ण घरी परततो तो या साऱ्यांच्या कौशल्यामुळे. 1954 मध्ये तेथे स्थापन झालेल्या अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्थेने डॉक्टरांबरोबरच मानसशास्त्रज्ञ व परिचारिकांच्या प्रशिक्षणाचाही पाया घातला. 1974 मध्ये ही संस्था व तेथील जुने मनोरुग्णालय यांच्या एकत्रीकरणातून निम्हान्स आकारास आली. मात्र चिकित्सा-मानसशास्त्राचे दार बारावीनंतर लगेच उघडत नाही. त्यासाठी आधी मानसशास्त्राचे शिक्षण घ्यावे लागते.

बंगळूरुतच 1996 मध्ये स्थापन झालेल्या राजीव गांधी आरोग्यविज्ञान विद्यापीठाशी कर्नाटकातील नर्सिंग, फार्मसी, फिजिओथेरपी व संलग्न आरोग्यविज्ञानाची अनेक महाविद्यालये जोडलेली आहेत. महाविद्यालयांची संख्या मोठी, तसा दर्जातील फरकही मोठा असू शकतो. प्रवेशापूर्वी विद्यापीठाची संलग्नता आणि त्या व्यवसायाच्या परिषदेची मान्यता कागदोपत्री पडताळावी. प्रात्यक्षिकांसाठी रुग्णालय कोणते व तेथे खाटा किती, हेही विचारावे. अन्य राज्यात नोकरी करायची असल्यास तेथील नोंदणीचे नियम आधीच पाहावेत. 2021 मध्ये संसदेने संलग्न आरोग्य व्यावसायिकांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला. त्यानुसार नियम व प्रवेशाच्या अटी बदलत आहेत. त्यामुळे थोरल्या भावंडांच्या वेळची माहिती पुरेशी ठरत नाही.

आर्थिक बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. मान्यताप्राप्त अभ्यासक्रमांसाठी बँकांकडून शैक्षणिक कर्ज मिळू शकते आणि साधारणतः अभ्यासक्रम संपल्यानंतर एका वर्षाने परतफेड सुरू होते. पदवीनंतर पुन्हा वैद्यकीय शिक्षणाकडे वळण्याचा मानस असेल, तर पहिल्या कर्जाचे हप्ते कोण व कसे भरणार, याची चर्चा शाखाधिकाऱ्यांशी प्रारंभीच केलेली बरी.

निर्णयापूर्वी मुलाने अथवा मुलीने एखाद्या रुग्णालयात परवानगीने काही दिवस हे काम जवळून पाहावे. एम.बी.बी.एस.चा प्रवेश कधीच मिळाला नाही, तरी हेच काम आयुष्यभर आवडीने करता येईल का? उत्तर ‘होय’ असेल, तर अर्ज निःशंक मनाने भरावा.