वेदना पायाची, उदासी मनाची

बिदर जिल्ह्यातील मेहकर असो की दूरचे एखादे महानगर, पायांची आग, मुंग्या आणि रात्री सुया टोचल्यासारख्या कळा यांनी बेजार झालेले वडीलधारे माणूस आपल्या पुष्कळ घरांतून आढळते. जुना मधुमेह, नागीण किंवा कुष्ठरोग यांमुळे मज्जातंतू दुखावले म्हणजे ही वेदना जडते. साध्या वेदनाशामक गोळ्यांना ती सहसा दाद देत नाही. म्हणून डॉक्टर प्रीगाबालिन, गाबापेंटिन, अमिट्रिप्टिलिन, ड्युलोक्सेटिन अशी औषधे देतात.

यांतील पहिली दोन मूळची अपस्मारावरील, तर पुढची दोन नैराश्यावरील. त्यांचे कार्य पायांत नव्हे, तर मेंदूत व मज्जारज्जूत चालते. त्यामुळे वेदना शमवतानाच ती कधी मनालाही स्पर्श करतात. बहुतेकांना ती मानवतात. परंतु काहींना गुंगी, चिडचिड, गोंधळ किंवा उदासी जाणवते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००८ साली अपस्मारावरील ११ औषधांच्या १९९ चाचण्या तपासल्या. औषध घेणाऱ्यांत आत्मघाताचे विचार वा वर्तन ०.४३ टक्के, तर औषधविरहित गोळी घेणाऱ्यांत ०.२२ टक्के आढळले. धोका लहान, पण उपेक्षणीय नव्हे.

घरात मात्र या पालटाला निराळीच नावे मिळतात. ‘वय झाले’, ‘स्वभाव बिघडला’, ‘सुनेशी पटत नाही’ असे म्हणून आपण मोकळे होतो, आणि बिचारा रुग्ण स्वतःलाच दोषी मानतो. अखंड वेदना व जागरण यांनीही मन खचते, हे खरेच. मग ओळखावे कसे? गोळी सुरू झाली किंवा मात्रा वाढली, तो दिवस भिंतीवरील दिनदर्शिकेवर नोंदवावा. त्यानंतर काही दिवसांत वा आठवड्यांत स्वभाव पालटला, तर औषधाची शंका घ्यावी.

सीमाभागात आणखी एक अडचण येते. पायाचे दुखणे कानडीत किंवा हिंदीत सांगता येते. ‘करमत नाही’, ‘जीव उडाला’ हे परभाषेत सांगताना जीभ अडखळते. म्हणून दवाखान्यात जाताना घरातील जाणते माणूस सोबत असावे आणि ती नोंद डॉक्टरांना दाखवावी. मूत्रपिंडाचा विकार, मद्यपान किंवा झोपेच्या गोळ्या असतील, तर तेही संकोच न करता सांगावे.

गोळी आपल्या मनाने एकाएकी बंद करू नये. त्याने बेचैनी, निद्रानाश, क्वचित झटकेही येतात. डॉक्टर मात्रा हळूहळू उतरवतात किंवा औषध बदलून देतात. जगणे नकोसे झाल्याची भाषा कानी आली, तर त्या माणसाला एकटे न ठेवता तत्काळ डॉक्टरांना गाठावे. शासनाच्या ‘टेलि-मानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांकही अहोरात्र उपलब्ध आहे.

वडील अबोल झाले, आई उगाच रडू लागली, तर त्यांच्या स्वभावाला बोल लावण्याआधी आपण त्यांच्या औषधांची चिठ्ठी पाहावी, एवढेच आमचे सांगणे.