तुटलं, हे कळायला किती सेकंद?

जेसीबीचा दात जमिनीखालच्या ऑप्टिकल फायबरला लागला की चौकातल्या कॅमेऱ्याचं चित्र नियंत्रण कक्षात काळं पडतं. छत्रपती संभाजीनगरात नव्या जलवाहिनीसाठी इतके रस्ते उकरले गेलेत की हे कुणाला समजावून सांगायला नको. रस्त्यावरचं तुटणं निदान दिसतं तरी. आतल्या थंड खोलीतलं तुटणं जास्त फसवं असतं. तिथे एकीकडे सर्व्हर आणि दुसरीकडे डिस्कनी भरलेलं स्टोरेजचं कपाट असतं. २०१९च्या सप्टेंबरात उद्घाटन झालेल्या शेंद्र्याच्या ऑरिक हॉलसारखं शहराच्या सेवांवर नजर ठेवणारं केंद्र असो की वाळूज-चिकलठाण्यातल्या कारखान्याची सर्व्हर रूम, माहिती टिकते ती सर्व्हर आणि स्टोरेज यांच्यातल्या दुव्याच्या भरवशावर.

सर्व्हरची केबल उपटली तर पोर्टचा दिवा विझतो आणि बातमी लगेच लागते. घोळ होतो तो मधला स्विच अडकला, किंवा दोन स्विचमधली तार गेली तर. तेव्हा दोन्ही टोकांचे दिवे हिरवेच राहतात. फोनवर समोरचा गप्प झाला की तो ऐकतोय की लाइन कटली, हे ‘हॅलो’ म्हटल्याशिवाय कळत नाही, आणि नेटवर्कवरची माहितीची ने-आण सांभाळणारी टीसीपी ही नियमावली आपणहून हॅलो म्हणत नाही. १९८९च्या आरएफसी ११२२ या मानकाने अशी चौकशी ऐच्छिक ठेवली. मूळ स्थितीत ती बंद असावी आणि सुरू केली तरी शांततेची मूळ मुदत निदान दोन तासांची असावी, असं ठरलं. लिनक्स ७,२०० सेकंद थांबतं, मग ७५ सेकंदांच्या अंतराने ९ वेळा विचारतं. हिशेब होतो २ तास ११ मिनिटं १५ सेकंद! माहिती वाटेत असताना दुवा तुटला, तरी ती पुन्हापुन्हा पाठवून हात टेकायला सुमारे पंधरा मिनिटं जातात.

स्टोरेजला एवढी सवड कुठली? म्हणून सर्व्हर आणि स्टोरेजला नेटवर्कवरून जोडणाऱ्या, २००४ साली मानक झालेल्या आयस्कझीने स्वतःची चौकशी आणली. नॉप-आउट जातं, उत्तरादाखल नॉप-इन येतं. लिनक्सवरच्या ओपन-आयस्कझीत मूळ मांडणीनुसार दर ५ सेकंदांनी विचारणा होते आणि उत्तरासाठी ५ सेकंद थांबतात. मग दुवा मेला असं ठरतं. पण वरच्या प्रणालीला तसं कळवण्याआधी आणखी १२० सेकंद जोडणी परत येण्याची वाट पाहिली जाते. दुसरा मार्ग हाताशी असेल तर ही दोन मिनिटं निव्वळ वाया जातात, आणि तरी हा आकडा न बदलता वर्षानुवर्षं तसाच ठेवलेला असतो.

मग सगळीकडे एक सेकंद लावून मोकळं का होऊ नये? कारण गर्दीत उत्तराला उशीर झाला की जिवंत दुवाही मेला म्हणून तोडला जाईल. त्याहून मोठा धोका वेगळा आहे, आणि एनव्हीएमई ओव्हर फॅब्रिक्स या स्टोरेज जोडण्याच्या दुसऱ्या पद्धतीत तो नीट दिसतो. तिथे ‘कीप अलाइव्ह’ची मुदत जोडणी करतानाच ठरते आणि सर्व्हर व स्टोरेज दोघेही आपापलं घड्याळ लावतात. ही घड्याळं एकाच क्षणी वाजत नाहीत. समजा, सर्व्हरने आशा सोडली आणि अडकलेलं लेखन दुसऱ्या मार्गाने पुन्हा पाठवलं. ते झालं. मग त्याच जागी नवी नोंद लिहिली. एवढ्यात पहिल्या मार्गावर, अजून काहीच न कळलेल्या, स्टोरेजच्या कंट्रोलरकडे रखडलेलं जुनं लेखन जागं झालं आणि नव्या नोंदीवर जाऊन बसलं. कुठेही चूक नोंदली जात नाही, कारण प्रत्येकाने आपलं काम चोखच केलेलं असतं. म्हणून सर्व्हरने दुवा गेल्याचं ओळखल्यावरही घाई करायची नसते. समोरच्यालाही ते कळून त्याने जुनी कामं थांबवली असतील, इतका वेळ धरावा लागतो. थोडा खोळंबा परवडतो. बिघडलेली नोंद मात्र महिनाभराने सापडते, तोवर तिची प्रत बॅकअपमध्येही गेलेली असते.

प्रात्यक्षिकात हमखास सर्व्हरचीच केबल उपटून दाखवतात. ती सोपी परीक्षा आहे. तुमच्या कारखान्यात किंवा रुग्णालयात अशी यंत्रणा असेल, तर एखाद्या सुट्टीच्या दिवशी, बॅकअप घेऊन, दोन स्विचमधली केबल काढायला सांगा आणि काम दुसऱ्या मार्गावर यायला किती सेकंद लागले ते लिहून ठेवा.