सेल्फची तहकीकात

मृग नक्षत्र आठवड्यावर येऊन ठेपलेले, बियाण्याच्या खरेदीसाठी वाशिमला जाण्याची सर्व तजवीज झालेली, आणि अशा ऐन वेळी अनसिंगच्या आमच्या अंगणातील जुन्या मोटारीने किल्ली फिरवताच ‘टक्’ असा एकच एकाक्षरी हुंकार देऊन मौन धारण केले, तेव्हा कुंपणापलीकडच्या शेजाऱ्याने पुराव्याची वाट न पाहता निकाल देऊन टाकला : “काकाजी, सेल्फ गेला तुमचा!” पुस्तकात ज्याला स्टार्टर मोटर म्हणतात त्या यंत्राचे आपल्याकडे रूढ नाव ‘सेल्फ’, आणि मोटार सुरू न होण्याच्या प्रत्येक गुन्ह्यात पहिला आरोपी म्हणून हजर केला जातो तो हाच. वास्तविक सेल्फ घरी बदलणे हे पाने चालवता येणाऱ्या कोणाही गृहस्थाच्या आवाक्यातील काम आहे. कसब लागते ते आरोप सिद्ध करण्याला, असे माझे मत आहे.

या नावातच एक इतिहास दडलेला आहे. पूर्वी मोटार आपली आपण सुरू होत नसे. पुढच्या बाजूला लोखंडी हँडल खुपसून, कंबर वाकवून, ते जोराने फिरवावे लागे, आणि इंजिनाने मध्येच उलटा हिसका दिला तर फिरवणाऱ्याचे मनगट मोडे, म्हणून अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवून हँडल धरण्याची शिकवण जाणते ड्रायव्हर नवशिक्याला देत. चार्ल्स केटरिंग या अमेरिकन अभियंत्याने १९१२ सालच्या कॅडिलॅक मोटारींवर विजेचा स्टार्टर बसवून ही आपत्ती दूर केली. गल्ल्याच्या यंत्रासाठी विजेची मोटर योजण्याचे काम त्याने आधी केले होते, आणि ज्या मोटरला क्षणभरच राबायचे आहे ती आकाराने लहान असूनही त्या क्षणापुरती प्रचंड जोर लावू शकते, हे मर्म त्याला तेथेच उमगले होते. आमच्याकडच्या जुन्या जीपगाड्यांतून मात्र हँडलाचा अंमल पुढेही कित्येक वर्षे चालला.

सेल्फची कार्यपद्धती मोठी मनोहर आहे. किल्ली फिरवली की अल्पसा प्रवाह सोलेनॉइडकडे जातो. त्यातील चुंबक एका लहान दंतचक्राला पुढे ढकलून इंजिनाच्या फ्लायव्हीलच्या दातांत गुंतवतो आणि त्याच हालचालीत बॅटरीचा जाड तारेतून येणारा मुख्य प्रवाह मोटरला जोडतो. लहान मोटारीतही हा प्रवाह शंभर-दीडशे अँपियरच्या घरात जातो. पुढच्या दिव्याचा एक बल्ब जेमतेम पाच अँपियर खातो, हे लक्षात घेतले म्हणजे हॉर्न वाजतो आणि दिवे लागतात म्हणून बॅटरी निर्दोष, हा युक्तिवाद किती लटका आहे ते कळते. सेल्फच्या दहा-बारा फेऱ्यांत फ्लायव्हीलची एक फेरी होते. म्हणजे इंजिन पेटून मिनिटाला हजार फेरे घेऊ लागले आणि दाते गुंतलेलेच राहिले, तर सेल्फला दहा हजारांहून अधिक फेरे घेऊन स्वतःच्या चिंधड्या करून घ्याव्या लागतील. हा अनर्थ टाळण्यासाठी त्यात एकाच दिशेने पकडणारा क्लच असतो. गॅरेजात या सबंध जोडणीला ‘बेंडिक्स’ म्हणतात. सेल्फ सलग दहा सेकंदांपेक्षा अधिक मारू नये आणि दोन प्रयत्नांत अर्धा-एक मिनिट विसावा द्यावा, हा दंडकही त्या प्रचंड प्रवाहामुळेच पडला आहे.

आता तहकीकात. पुढचे दिवे लावून किल्ली फिरवावी. दिवे एकदम मंदावले तर संशय बॅटरीवर किंवा तिच्या टर्मिनलवर साचलेल्या पांढऱ्या-हिरव्या क्षारांवर जातो. सेल्फ नुसताच गरगरला आणि इंजिन ढिम्म राहिले तर बेंडिक्स घसरते आहे. काहीच आवाज आला नाही तर किल्लीपासून सोलेनॉइडपर्यंतची बारीक तार तपासावी. माझ्या मोटारीचे दिवे तसूभरही मंदावले नाहीत, टर्मिनले घासून लखलखीत केली, बॅटरी मोजली ती साडेबारा व्होल्ट भरली, आणि तरीही तेच ‘टक्’. अखेर सेल्फच्या अंगावर पान्याच्या मुठीने हलकेच दोन टोले दिले, तेव्हा तो एकदाच जागा होऊन पुन्हा निद्रिस्त झाला. आत मोटरला प्रवाह पोचवणारे कार्बनचे ब्रश, म्हणजेच ‘कार्बन’, झिजले आहेत, याची ही जवळजवळ कबुलीच होय.

सेल्फ उतरवताना पहिला नियम हा की बॅटरीची ऋण तार आधी काढावी आणि जोडताना ती सर्वांत शेवटी जोडावी. कारण सेल्फला येणारी जाड तार किल्ली बंद असतानाही जिवंत असते, आणि पाना तिला व मोटारीच्या लोखंडाला एकाच वेळी टेकला तर ठिणगीने हात भाजतो. दुसरा नियम आमच्या काळ्या मातीने शिकवला आहे : जॅकखाली जाड फळी हवी, चाकांना दगडांची उटी हवी, आणि नुसत्या जॅकच्या भरवशावर मोटारीखाली कदापि शिरू नये, भक्कम स्टँड लावूनच शिरावे. मग तारांच्या जागा कागदावर टिपून त्या सोडवल्या, दोन बोल्ट काढले आणि चार किलोंचा तो ऐवज हाती आला.

धक्क्यावर गाडी सुरू करून वाशीम गाठता आले असते. पण बाजारात प्रत्येक थांब्यावर चार माणसे गोळा करण्याची माझी तयारी नव्हती, म्हणून सेल्फ पिशवीत घालून, मांडीवर घेऊन, मी एस.टी.ने गेलो. जुना सोबत नेणे इष्टच असते. दातांची संख्या आणि बोल्टांच्या भोकांमधले अंतर दुकानातच ताडून पाहता येते. दुकानदाराने तो उघडला, तेव्हा कार्बन नखाएवढे उरले होते आणि ते ज्यावर घासतात त्या कम्युटेटरवर खोल चरे पडले होते. केवळ कार्बन बदलून भागले नसते, म्हणून सेल्फच बदलून घेतला.

संध्याकाळी सेल्फ बसण्याची जागा घासून स्वच्छ केली, कारण प्रवाहाचा परतीचा मार्ग तेथूनच जातो. बोल्ट आधी हाताने लावून मग आवळले, तारा जोडल्या, आणि किल्ली फिरवताच इंजिन गर्जून उठले. हात पुसत मी कुंपणाकडे वळलो आणि दिवे, टर्मिनल, व्होल्ट, कार्बन अशी सारी कैफियत शेजाऱ्यापुढे क्रमवार मांडली. त्याने ती शांतपणे ऐकून घेतली आणि म्हटले, “म्या सकाळीच म्हटलं होतं ना, काकाजी?”