दिवसाआड एक मैफल

न्यूयॉर्क फिलहार्मोनिक या वाद्यवृंदाचा दहा हजारावा कार्यक्रम ७ मार्च १९८२ रोजी झाला. संस्था १८४२ सालची. म्हणजे तिथवर पोचायला १३९ वर्षं लागली. पुढचे पाच हजार कार्यक्रम मात्र २८ वर्षांत झाले. मे २०१० मध्ये पंधरा हजारावा पार पडला. भागून पाहिलं तर वर्षाला सुमारे १७८ येतात. दिवसाआड एक. याच वाद्यवृंदाचे पहिल्या हंगामात अवघे तीन कार्यक्रम झाले होते.

आपल्याकडे एकेका नाटकाचे हजार-हजार प्रयोग होतात, पण नाटक तेच असतं. इथे हंगामात जवळजवळ दर आठवड्याला नवी कार्यक्रमपत्रिका. आज बेथोव्हेन, पुढच्या आठवड्यात एखाद्या हयात संगीतकाराची कोरी रचना, डिसेंबरात हँडेलचा ‘मसाया’. कधी पडद्यावर अख्खा चित्रपट चालतो आणि त्याचं संगीत वादक समोर बसून वाजवतात, दृश्यागणिक अचूक. मुलांच्या मैफली वेगळ्या. त्यांची परंपरा १९२४ पासूनची, आणि लेनर्ड बर्नस्टाईन यांनी त्यातल्या ५३ दूरचित्रवाणीवरून घरोघरी पोचवल्या.

एवढ्यासाठी तालमी किती? नेहमीच्या आठवड्यात साधारण चार, प्रत्येकी अडीच तासांच्या आसपास. माहलरची तिसरी सिंफनी एकटीच दीड तासाची. तेवढ्या दहा तासांत शंभरएक माणसांना ती एकजीव करायची असते, दोन-तीन-चार वेळा वाजवायची आणि लगेच पुढच्या पत्रिकेला लागायचं.

हे जमतं कसं, याचं उत्तर तालमीच्या खोलीत नाही. ते प्रत्येकाच्या बालपणात आहे. हिशेब हात राखूनच करू. शंभर वादक, प्रत्येकाचा नोकरी लागण्यापूर्वीचा पंधरा वर्षांचा रियाज, रोज फक्त तीन तास. बेरीज १६ लाख ४२ हजार ५०० तास. दिवसरात्र न थांबता मोजले तर १८७ वर्षं! खुद्द संस्थेला २०२६ मध्ये १८४ वर्षं होतात. या विषयातला मला सर्वांत थक्क करणारा आकडा हाच आहे. तिकीट दोन तासांचं असतं, पण समोर बसलेला रियाज संस्थेपेक्षाही जुना असतो.

आता एक फार छोटा आकडा. हवेत आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. रंगमंच १८ मीटर रुंद धरला, तर एका टोकाच्या व्हायोलिनचा आवाज दुसऱ्या टोकाच्या डबल बासपर्यंत पोचायला सेकंदाचा विसावा भाग लागतो. नगण्य वाटतो ना? पण द्रुत लयीत सेकंदाला आठ स्वर पडतात. तिथे प्रत्येक स्वराच्या वाट्याला सेकंदाचा आठवा भाग येतो, आणि केवळ कानावर विसंबणारा वादक जवळजवळ अर्धा स्वर मागे पडतो. म्हणून लांब बसलेल्यांना कानापेक्षा डोळ्यांवर भरवसा ठेवावा लागतो. संचालकाच्या हातातली छडी दिसायला वेळ लागत नाही. शंभर माणसं एका क्षणी एकच स्वर लावतात, ती अशी एकमेकांच्या आवाजावर पूर्ण विश्वास न ठेवता.

माणसं वाढली की हे आणखी अवघड होतं. काही काळ याच न्यूयॉर्कच्या वाद्यवृंदाचे प्रमुख असलेल्या गुस्ताव माहलर यांनी १२ सप्टेंबर १९१० रोजी म्युनिकमध्ये आपली आठवी सिंफनी प्रथम सादर केली, तेव्हा ८५८ गायक आणि १७१ वादक होते. ध्वनिवर्धक नव्हता. हजारावर माणसं आणि समोर एक छडी.

श्रोत्यांची गर्दी पाहायची तर ५ जुलै १९८६ची रात्र पाहावी. स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्याच्या शताब्दीनिमित्त सेंट्रल पार्कमध्ये या वाद्यवृंदाचा मोफत कार्यक्रम झाला आणि अंदाजे आठ लाख लोक आले. समोर छडी घेऊन उभे होते झुबिन मेहता, जन्म मुंबई, १९३६. वडील मेहली मेहता यांनी त्याच्या आदल्याच वर्षी बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा केला होता. घरातच तालमी ऐकत वाढलेल्या झुबिन यांनी न्यूयॉर्कच्या तेरा वर्षांत हजारावर कार्यक्रम केले. रविशंकर यांची सतारीसाठीची ‘रागमाला’ १९८१ मध्ये याच वाद्यवृंदाने झुबिन यांच्या संचालनाखाली प्रथम वाजवली.

२०२६-२७ च्या हंगामापासून ही छडी व्हेनेझुएलाच्या गुस्ताव्हो दुदामेल यांच्याकडे जाते आहे. ते ज्या ‘एल सिस्तेमा’ संगीतशिक्षण योजनेत घडले, तिच्या ८,५७३ वादकांनी २०२१ मध्ये काराकासला एकत्र वाजवून जगातल्या सर्वांत मोठ्या वाद्यवृंदाचा विक्रम केला होता.

हे ऐकायला न्यूयॉर्कच गाठायला हवं असं नाही. मुंबईत नरिमन पॉइंटच्या एनसीपीए या कलाकेंद्रात २००६ पासून सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया आहे आणि जमशेद भाभा थिएटरात त्याचे हंगाम होतात. पुढची पत्रिका जाहीर झाली की स्वस्तातलं का होईना, एक तिकीट काढा, आणि घरातल्या लहानग्याला सोबत न्या.